घड्याळाची टिकटिक केव्हा ऐकू येते?

रात्री निजानीज झाली, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येते. दिवसाही घड्याळ तेवढ्याच आवाजात चालू असते. पण घरात गप्पा रंगल्या किंवा रेडिओ लागला, की ती ऐकू येईनाशी होते. टिकटिक थांबलेली नसते, ती झाकली गेलेली असते.

हे कसे घडते? आपल्या आंतरकर्णात शंखासारख्या वळणदार नळीत एक लांबट पडदा असतो. निरनिराळ्या कंप्रतेच्या ध्वनींमुळे त्याचे निरनिराळे भाग अधिक हलतात. मोठ्या आवाजाने पडद्याचा बराच भाग हलू लागला, की त्याच भागाला हलवणारा बारीक आवाज मेंदूला वेगळा ओळखता येत नाही. घड्याळाची टिकटिक समजा ३० डेसिबल आणि साधे बोलणे ६० डेसिबल धरले, तर बोलण्याच्या ध्वनीची तीव्रता टिकटिकीच्या १००० पट होते. मग टिकटिक झाकली जाणारच!

चित्रपट पाहताना आपल्या कानावर दोन प्रकारचे आवाज पडतात. संवाद, पावले, दाराची कडी हे पात्रांनाही ऐकू येणारे आवाज. पार्श्वसंगीत मात्र फक्त प्रेक्षकांसाठी असते. प्रसंग दुःखाचा की भीतीचा, हे ते आपल्याला आधीच सुचवते. पण त्याच वेळी ते दृश्यातले बारीक आवाज झाकूनही टाकते.

प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी नेमके हे पार्श्वसंगीत वगळले. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील ही कथा. नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवून वृद्ध काकासाहेबांशी लावले जाते आणि ती हे लग्न मानायला नकार देते. चित्रपटात गाणी आहेत. केशवराव भोळे यांचे संगीत आहे. नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे स्वतःच्याच आवाजात गायल्या आहेत. परंतु गाणी सोडली, तर भावना सुचवायला वाद्यवृंद नाही. आहेत ते भोवतालचे नैसर्गिक आवाज.

यामुळे काय साधले? काकासाहेबांच्या घरातले जुने घड्याळ त्यांच्या सरत्या वयाची खूण बनते. संगीताचे आच्छादन नसल्याने असे साधे आवाजही अर्थ सांगू लागतात. लग्न ठरवताना नीरेची बाजू कोणी विचारलेली नाही. तिच्यावरचा अन्याय ओळखण्याचे काम वाद्ये करत नाहीत, ते आपल्यालाच करावे लागते. आणि अशा शांततेत गाणे सुरू झाले, की ते अधिक ठसते.

याचा अर्थ पार्श्वसंगीत वाईट, असा नव्हे. दिग्दर्शक काय ऐकवतो याइतकेच काय झाकतो, हेही महत्त्वाचे, एवढेच.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. टिकटिकणारे घड्याळ टेबलावर ठेवा. एका विद्यार्थ्याला डोळे मिटून हळूहळू मागे जायला सांगा. टिकटिक ऐकू येईनाशी झाली, की अंतर मोजा. आता घड्याळाजवळ रेडिओ हळू आवाजात लावा आणि पुन्हा मोजा. मग एखाद्या चित्रपटातला दोन मिनिटांचा प्रसंग आधी आवाज बंद करून आणि नंतर आवाजासह दाखवा. प्रसंगात काय घडले, हे दोन्ही वेळा मुलांना लिहायला सांगा. उत्तरांत फरक पडला, तर तो कोणत्या आवाजामुळे, हे त्यांनाच शोधू द्या.