वीस मोजा जी

मे महिन्यात पारा 47 अंशांच्या पुढे नेणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरचे हीटर दुरुस्त करणारा मिस्त्री आहे, हे कळलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली. म्हणूनच डिसेंबरातल्या एका सकाळी नागभीड-ब्रह्मपुरी रस्त्यालगतच्या त्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसलो. या झाडीपट्टीत थंडीची लाट आली की किमान तापमान 10 अंशांच्या खाली जातं, आणि नेमके तेच दिवस धान चुरण्याचे, म्हणजे मळणीचे. बांध्यांत धानाची पुंजणी लागलेली, मजूर सांगून ठेवलेले आणि ट्रॅक्टर नुसता कण्हतोय.

शेडमध्ये आलेला ट्रॅक्टर होता जुना बी-275. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं महिंद्रानं 1963 पासून जो उद्योग उभारला, त्यातलं हे मॉडेल. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेली हवा तापते आणि त्या तापानंच डिझेल पेटतं. पण या जुन्या इंजिनात डिझेल आधी सिलिंडरशेजारच्या छोट्या कप्प्यात पडतं. कप्प्याच्या गार भिंती ताप शोषून घेतात, म्हणून तिथं हीटर प्लग. पुढच्या ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर ‘डीआय’ लिहिलेलं असतं, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. त्यांत हा कप्पाच नाही, त्यामुळे आपल्या थंडीत त्यांचं प्लगवाचून भागतं.

मालक एकच सांगत होता, “हीटर गेला.” बांधीत एचएमटी पडलाय म्हणाला. नागभीड तालुक्यात एचएमटी म्हणजे आधी तांदूळ, इथल्याच नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला. नाव मात्र घड्याळावरून पडलं, आणि त्या घड्याळाच्या कंपनीनं ट्रॅक्टरही काढले होते.

मिस्त्रीनं हीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी बॅटरी. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलेला. गरम पाणी ओतलं, तारेच्या ब्रशनं घासलं, क्लिपा आवळल्या.

“धूर कसा येते जी?”

“पांढरा.”

मिस्त्रीनं मान हलवली. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. मग पाइपात हवा शिरलीय की फिल्टर तुंबलाय, ते पाहायचं. त्यानं सेल्फ मारला. शेडभर कच्च्या डिझेलचा तिखट, डोळ्यांत चढणारा वास पसरला. तणसाच्या ढिगावर बसलेला मी खोकत बाहेर आलो. त्याला त्या वासाचं काहीच नव्हतं. किंबहुना वासावरूनच तो बोलत होता.

“हीटर किती वेळ धरता?”

“दोन-तीन सेकंद.”

“वीस मोजा जी. वीस.”

मालकानं मोजले. डॅशबोर्डवरच्या जाळीआड लाल व्हायला हवी ती तार काळीच राहिली. आता कुठे हीटरची पाळी. या इंजिनाचे चारही प्लग एकामागे एक जोडलेले. एक तुटला की चौघेही गार. मिस्त्रीनं बल्बची एक वायर चेसीला लावली आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकांवर टेकवत गेला. पहिल्यावर उजेड, दुसऱ्यावर उजेड. तिसऱ्याच्या अलीकडच्या टोकाला उजेड, पलीकडे अंधार. तिसरा काढला तर टोकाचं वेटोळं तुटून काजळीत रुतलेलं. तार टाकून तेवढा टाळता आला असता, पण मग उरलेल्या तिघांवर भार वाढतो आणि तेही लवकर जळतात. भंगारातल्या ट्रॅक्टरचा एक प्लग त्याच्या डब्यात होता.

पुन्हा वीस. तार लालबुंद झाली आणि दुसऱ्या धक्क्याला इंजिनानं धरलं.

माझं मत मात्र मालकाच्या विरुद्ध आहे. हीटर गेला होता हे खरं. पण 10 अंश म्हणजे डिझेल गोठवणारी थंडी नव्हे. बॅटरी दमदार, कॉम्प्रेशन शाबूत आणि ऑइल वेळेवर बदललेलं असेल, तर यंत्र एवढं अडत नाही. पैसा धान विकल्यावर येतो, आणि यंत्र अडतं त्याच्या आधी; म्हणून हा खर्च दरसाल पुढे ढकलला जातो. त्याबद्दल मालकाला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही.

पण दोन गोष्टींना मिस्त्री हात जोडून नाही म्हणतो, आणि मीही. तापलेला प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नका. तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो. आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायची जुनी सवय पुंजण्याजवळ तरी सोडा. वर्षाचं धान तिथंच पडलेलं असतं.