औषधांच्या नव्या जोडीची चाचणी : सही करण्याआधी काय विचाराल?



शौचावाटे रक्त पडले की आपण मूळव्याध समजून महिनोन्‌महिने अंगावर काढतो. चंद्रपूर, गडचिरोलीहून नागपूर-मुंबईचा मोठा दवाखाना गाठेपर्यंत कधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेला असतो. अशा वेळी डॉक्टर विचारतात, ‘औषधांच्या नव्या जोडीची चाचणी सुरू आहे, भाग घ्याल का?’ घरचे धसकतात, ‘आमच्यावर प्रयोग करणार?’

आधी चाचणी म्हणजे काय ते समजून घेऊ. फ्लुरोयुरासिल हे या कॅन्सरचे जुने औषध. ते पेशींना नवा डीएनए बनवू देत नाही. फोलिनिक ॲसिड त्याचा जोर वाढवते. ऑक्झॅलिप्लॅटिन वेगळ्या वाटेने डीएनए बिघडवते. मग तिन्ही एकत्र दिली तर? युरोपात ४२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पहिली दोन औषधे, दुसऱ्याला तिन्ही. २००० साली निकाल छापला गेला. आजार आटोक्यात राहण्याचा मधला काळ सुमारे ६ महिन्यांवरून ९ महिन्यांवर गेला. पण एकूण आयुष्य ठामपणे वाढल्याचे त्यात सिद्ध झाले नाही. जुलाब वाढले, पांढऱ्या पेशी घटल्या. थंड पाण्यात हात घालताच मुंग्या येऊ लागल्या. म्हणजे जोडीचा फायदाही मोजावा लागतो आणि त्रासही. आज हीच तीन औषधे ‘फोलफॉक्स’ नावाने नेहमीच्या उपचारात दिली जातात.

नव्या औषधांच्या चाचणीसाठी भारतात २०१९ चे नियम आहेत. नीती समितीची मंजुरी लागते. माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत हवे आणि त्याची प्रत आपल्याला मिळायला हवी. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर समजावून सांगावे लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. चाचणी मध्येच सोडली तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

म्हणून सही करण्याआधी विचारा :

• चाचणीत भाग घेतला नाही तर कोणता उपचार मिळेल?
• मी कोणत्या गटात जाईन, हे कसे ठरेल?
• त्रास कोणते, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा?
• औषध, तपासण्या आणि येण्याजाण्याचा खर्च कोण देणार?

कागद घरी आणा. शिकलेल्या लेकीकडून मोठ्याने वाचून घ्या. घाबरून नकार देऊ नका, भिडेपोटी होकारही देऊ नका. नीट समजले, मन पटले, तरच सही करा.