हातभर दांडा

कॅलिफोर्नियातल्या सलिनासला माझ्या मुलाच्या घराशेजारी एक मावशी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, मूळच्या मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातल्या. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेची तसबीर आहे आणि तिच्याखाली खिळ्याला एक अवजार टांगलेलं आहे. पातं रुंद, पण दांडा जेमतेम हातभर. मला वाटलं, कुदळ मोडली असावी आणि आठवण म्हणून ठेवली असावी. मी खुणेनंच तसं विचारलं. मावशींनी मान हलवली. त्यांच्या नातीनं इंग्रजीतून सांगितलं, "मोडलेली नाही. ती तेवढीच असायची."

त्या अवजाराचं नाव 'एल कोर्तितो', म्हणजे आखूडलं. काही मजूर त्याला सैतानाचा हात म्हणत.

मी ते हातात घेतलं आणि अंगणातल्या मातीला पातं लावून पाहिलं. माझी आई निफाड तालुक्यात रोजानं निंदायला जायची, त्यामुळे खुरपं मला लहानपणापासून ठाऊक आहे. खुरप्यानं निंदताना बाई उकिडवी बसते आणि बसल्या बसल्या पुढे सरकते. गुडघे धरतात, पोटऱ्या भरून येतात. कोर्तितोची गोष्ट वेगळी. पाय सरीत उभे आणि कमरेतून पार खाली वाकायचं, डोकं गुडघ्यांच्या उंचीला. बसायची सोय नाही, कारण एकेक पाऊल सरकत ओळ संपवायची असते. मी पाच मिनिटांत सरळ झाले. मावशींनी हे काम अकरा वर्षं केलं.

सलिनासच्या खोऱ्यात सकाळी समुद्रावरून धुकं येतं, हवा थंड राहते आणि लेट्यूसला ती मानवते. अमेरिकेच्या ताटातली कोशिंबीर बरीचशी इथून जाते. त्या काळी लेट्यूसचं बी ओळीत दाट पेरत. रोपं वर आली की विरळणी करावी लागे. दर वीत-सव्वा वीत अंतरावर एकच रोप ठेवायचं, बाकीची तणासकट खरडून काढायची. हे काम कोर्तितोनं व्हायचं. बीटसाखरेच्या आणि सेलरीच्या शेतांतही तेच.

आता प्रश्न असा, की दांडा आखूड का? मालक सांगत, लांब दांड्यानं मजूर निष्काळजी होतो, चांगली रोपं कापली जातात. खरं कारण शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. आखूड दांडा हातात असला की काम करणारा वाकलेलाच दिसतो. कुणी उभं राहिलं, की कामात खंड पडला हे मुकादमाला लांबूनच कळतं. माणसाची कंबर म्हणजे हजेरीचं पुस्तक झालं होतं.

ही माणसं इथं आली कुठून? खरं तर या जमिनीत स्पॅनिश बोलणारी माणसं अमेरिकेच्याही आधीपासून आहेत. सलिनास, फ्रेस्नो, सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिस ही सगळी नावं स्पॅनिश. १८४८च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहानं मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथली माणसं घर न सोडता दुसऱ्या देशात गेली. पुढे प्वेर्तो रिको, क्यूबा, मध्य अमेरिका अशा अनेक ठिकाणांहून लोक येत राहिले. या सगळ्यांना मिळून आज लॅटिनो म्हणतात. २०२०च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे अमेरिकेतल्या पाच माणसांत जवळपास एक.

मावशींचे यजमान 'ब्रासेरो' म्हणून आले होते. 'ब्रासो' म्हणजे हात, ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोशी करार करून हंगामी मजूर आणायला सुरुवात केली. १९६४ पर्यंत असे सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस अनेकदा येई, म्हणून आकडा करारांचा. हद्दीवरच्या केंद्रांत या माणसांना रांगेत उघडं उभं करून अंगावर डीडीटीची भुकटी मारत.

सलिनासच्या दक्षिणेला चुआलार नावाचं छोटं गाव आहे. १७ सप्टेंबर १९६३ रोजी शेतावरून परतणाऱ्या ब्रासेरोंची गाडी तिथल्या रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली. गाडी कसली, मालवाहू ट्रकवर बाकडी टाकून केलेली बस. ३२ जण गेले. त्या भागातल्या १०१ क्रमांकाच्या महामार्गाला आता ब्रासेरोंच्या स्मृतीचं नाव आहे. मुलाच्या गाडीतून त्या रस्त्यानं जाताना मी दोन्ही वेळा हात जोडले.

अमेरिकेत १९३५ मध्ये कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला, पण शेतमजुरांना त्यातून वगळलं होतं. मग ते स्वतःच उभे राहिले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानोच्या द्राक्षबागांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकारानं संप पुकारला. आठवड्याभरानं, १६ सप्टेंबरला, मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. ती सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांनी १९६२ मध्ये सुरू केली होती. वेर्ताबाई आधी शाळेत शिकवत. मीही शिक्षिका होते, त्यामुळे त्यांच्याविषयी मला विशेष जवळीक वाटते. मालकांसमोर बसून करारातली कलमं ठरवायचं काम त्यांनी केलं. 'सी, से प्वेदे', म्हणजे 'हो, होऊ शकतं', ही पुढे जगभर गेलेली घोषणा त्यांची, १९७२ सालची. देशभरातल्या गृहिणींनी द्राक्षं घ्यायचं थांबवलं आणि जुलै १९७० मध्ये डेलानोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या. पुढच्याच महिन्यात सलिनासच्या लेट्यूसच्या शेतांत संप पसरला. मावशी त्यात होत्या. हातात लाल झेंडा, कडेवर धाकटा मुलगा.

या संपातून एक नाटकमंडळीही जन्मली. शेतमजुराच्या घरात वाढलेल्या लुईस वाल्देझ यांनी १९६५ मध्ये 'तेआत्रो कांपेसिनो' सुरू केलं. ट्रकचा पाठचा भाग हाच रंगमंच, मजूर हेच नट, आणि गळ्यात पाटी, 'मालक' किंवा 'संपफोड्या'. आपल्याकडच्या पथनाट्यासारखंच. त्याच वाल्देझ यांचं 'झूट सूट' हे नाटक १९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर पोचलं.

कोर्तितो मात्र अजून शेतात होता. गरीब शेतमजुरांचे खटले चालवणाऱ्या एका संस्थेतले वकील मॉरिस जोर्डेन यांनी तो प्रश्न हाती घेतला. कमरेचे मणके कसे झिजतात, हे डॉक्टरांनी सांगितलं. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे धोकादायक हत्यारांना बंदी करणारा नियम होता. पण विभागाचं म्हणणं, धोकादायक म्हणजे मोडकं, सदोष हत्यार. हे तर धडधाकट आहे! कार्मोना खटला म्हणून ओळखलं जाणारं हे प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी १९७५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की जे हत्यार नेहमीसारखं वापरल्यानंच माणसाला इजा करतं, तेही धोकादायकच. त्याच वर्षी कोर्तितोवर बंदी आली.

निकालाचं हे वाक्य नातीकडून समजून घेतल्यावर मला माझा पहिला प्रश्न आठवला. मीही त्या विभागासारखंच मोडलेल्या दांड्याकडे पाहत होते. मोडत होती ती माणसं.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियानं आणखी एक नियम केला आणि वाकून हातानं तण काढण्यावरही बरीच बंधनं घातली.

होसे एर्नांदेझ यांची गोष्ट मावशींना फार आवडते. त्यांचं कुटुंब हंगामाप्रमाणे शेतं बदलत फिरायचं. त्यामुळे इंग्रजी नीट यायला त्यांना बारावं वर्ष लागलं. शाळेच्या शेवटच्या वर्षी स्टॉकटनजवळ बीटसाखरेच्या शेतात कुदळ मारताना त्यांनी रेडिओवर ऐकलं, की कोस्टा रिकात जन्मलेले फ्रँकलिन चांग-डियाझ अंतराळवीर म्हणून निवडले गेले. तिथंच त्यांनी ठरवलं. पुढे ते इंजिनिअर झाले, स्तनांचा कर्करोग लवकर ओळखणाऱ्या डिजिटल तपासणीच्या तंत्रावर त्यांनी काम केलं. नासानं त्यांना अकरा वेळा नाकारलं, बाराव्यांदा घेतलं. ऑगस्ट २००९ मध्ये ते 'डिस्कव्हरी' यानातून अवकाशात गेले. बंदी आली तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. वाकलेल्या कमरेच्या पिढीनंतरची ही पहिली पिढी.

निघायच्या आदल्या दिवशी मी मावशींना भेटायला गेले. त्यांची कंबर आता सरळ होत नाही. माझ्या आईचीही शेवटपर्यंत झाली नव्हती. कोर्तितो पुन्हा खिळ्याला लावायचा होता, तो नातीनं टाचा उंचावून लावला.

गावी परतल्यावर मी भावाशी बोलले. कांद्याची लागण दाट असते, तिथं लांब दांडा चालत नाही, हे मलाही कळतं. पण सोयाबीनमध्ये चालतो, द्राक्षाच्या ओळींत चालतो. आमच्याकडे निंदायला येणाऱ्या चारही बायांसाठी मी लोहाराकडून कुदळी करून घेतल्या आहेत. प्रत्येकीला बांधावर उभं केलं आणि दांडा तिच्या खांद्याला लावून मापला.