कुलूपबंद चित्रपट आणि नारिंगी शंकू

डीव्हीडी संगणकात घालावी आणि चित्रपट सुरू व्हावा, ही अपेक्षा साधी आहे. ती पुरी करण्यामागे मात्र मोठा झगडा आहे. त्याचं बरंचसं श्रेय नारिंगी शंकूचं चिन्ह मिरवणाऱ्या व्हीएलसी या प्रणालीला जातं.

डीव्हीडी १९९६च्या अखेरीस जपानमध्ये बाजारात आली. एका थरात ४.७ जीबी मजकूर मावत असे. आपल्याकडच्या व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटांचं चित्रण बसे, म्हणून एका हिंदी चित्रपटाला दोन-तीन सीड्या लागत. डीव्हीडीनं तो प्रश्न सोडवला, पण संगणकापुढे दोन नवे अडथळे उभे केले. पहिला दाबून बसवलेल्या चित्राचा. ते उलगडायला तेव्हाच्या संगणकांची ताकद अपुरी पडे, म्हणून अनेकांना वेगळं डीकोडर कार्ड बसवावं लागे. संगणक वेगवान झाले आणि हा अडथळा आपोआप सरला.

दुसरा अडथळा मुद्दाम घातलेला होता. चित्रपटावर सीएसएस नावाचं ४० बिटांचं कुलूप असे. त्याची किल्ली परवाना घेणाऱ्या कंपन्यांनाच मिळे. त्यामुळे लिनक्स ही कार्यप्रणाली वापरणाऱ्याला स्वतः विकत घेतलेला चित्रपटही स्वतःच्या संगणकावर पाहता येत नसे. १९९९मध्ये नॉर्वेचा १५ वर्षांचा यॉन लेक योहानसेन आणि त्याचे दोन अनामिक साथीदार यांनी डीसीएसएस ही छोटी प्रणाली जगापुढे ठेवली आणि कुलूप उघडलं. त्याच्यावर खटला चालला. २००३मध्ये आधी ओस्लोच्या न्यायालयात आणि मग अपिलातही तो निर्दोष ठरला. रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी हव्या त्या यंत्रावर पाहण्याचा ग्राहकाचा हक्क त्या निकालानं मान्य केला.

याच काळात पॅरिसजवळ 'एकोल सांत्राल' या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं वेगळंच काम चाललं होतं. तिथलं संगणकांचं जाळं विद्यार्थीच सांभाळत, आणि ते फार संथ होतं. वेगवान जाळ्यासाठी पैसा उभा करायचा तर तसंच सबळ कारण हवं. म्हणून उपग्रहावरून येणारा टीव्ही जाळ्यातून प्रत्येकाच्या संगणकावर पोचवण्याचा प्रकल्प १९९६मध्ये सुरू झाला. १९९८मध्ये तो पुन्हा मुळापासून लिहिला गेला. १ फेब्रुवारी २००१ रोजी महाविद्यालयाच्या संमतीनं तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. त्यातूनच व्हीएलसी आलं, आणि विद्यार्थ्यांनी गोळा केलेले रस्त्यावरचे शंकू त्याचं चिन्ह बनले.

याच मंडळींनी लिबडीव्हीडीसीएसएस हा घटक लिहिला. कुलूप कमकुवत असल्यामुळे गरज पडल्यास तो तबकडीवरच्या मजकुरावरूनच किल्ली हुडकून काढतो. शिवाय डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग पाडले होते. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर अडून बसे, ती व्हीएलसीवर अनेकदा चाले.

२०१२मध्ये आलेल्या विंडोज ८मधून डीव्हीडी चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं काढून टाकली. व्हीएलसीनं ती फुकट चालू ठेवली. प्रकल्पाचे प्रमुख जाँ-बातिस्त केम्फ यांनी जाहिराती घालण्यासाठी आलेले कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव नाकारले. आज हे काम ना-नफा संस्था पाहते. भारतात २०२२मध्ये तिचं संकेतस्थळ काही महिने अडवलेलं होतं; तिनं पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीनंतर नोव्हेंबरमध्ये ते खुलं झालं.

आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मात्र अजून मिळतो. लग्नाची, मुंजीची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची घरगुती डीव्हीडी कुलूपबंद नसते. पण अशा रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीवरचा रंगाचा थर कालांतरानं खराब होतो. तेव्हा कपाटातल्या त्या डीव्हीड्या बाहेर काढा, व्हीएलसीच्या 'मीडिया' मेन्यूतून 'ओपन डिस्क' निवडून चालतात का ते पाहा, आणि चालत असतील तोवर त्यांची प्रत हार्ड डिस्कवर करून ठेवा.