तव्यावरची पन्नास वर्षं

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि मराठी स्वयंपाकघरात वाटी-चमच्याचं माप रुळलं. तोवर आमच्याकडे माप म्हणजे 'अंदाजानं', 'मूठभर', नाहीतर 'बोटाचं एक पेर बुडेल इतकं'. तेव्हापासून आजवरचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणते तेव्हा जाणवतं, की धिरड्याला कुणी फारसं मोजलंच नाही. पाहुण्यांपुढे ठेवायचा हा पदार्थ नव्हता. भाजी संपली, पोळ्या लाटायला वेळ नाही, कुणाचा ताप नुकताच उतरलाय, मुलं शाळेतून भुकेली आलीत, अशा वेळी डब्यातलं पीठ कालवायचं आणि तवा चढवायचा. पण गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत घरात जे जे बदललं, धान्य, इंधन, तवा, वाटणाचं साधन, बाईच्या हाताशी उरणारा वेळ, ते सगळं या एका पदार्थात उतरलं आहे. त्याची नोंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पदार्थ तसा जुनाच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात डाळ वाटून तव्यावर करायचं 'धोसक' आहे. तांदूळ त्यात नाही. आपलं मुगाचं आणि हरभऱ्याच्या डाळीचं धिरडं त्याच कुळातलं.

सत्तरच्या दशकातलं धिरडं प्रदेशाप्रदेशात वेगळं होतं. कोकणात तांदळाचं घावन. तांदूळ धुवायचे, सावलीत फडक्यावर वाळवायचे आणि बारीक दळून आणायचे. नुसते कोरडे तांदूळ दळले तर घावन चामट होतं, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक. एका वाटीला दोन ते अडीच वाट्या पाणी आणि मीठ, एवढंच. भिजवलेलं पीठ ताकाइतकं पातळ लागतं. ते पळीनं पसरायचं नाही. बिडाचा तवा चांगला तापला, नारळाच्या शेंडीनं तेलाचा हात फिरवला, की वाटीनं जरा उंचावरून, कडेकडून मध्याकडे ओतायचं. चर्रर्र आवाज झाला पाहिजे. पाण्याची एकदम वाफ होते, ती पिठातून वाट काढते आणि जाळी पडते. तवा कमी तापलेला असेल तर पीठ गपचूप बसून राहतं, मग कितीही थांबा, जाळी येत नाही. शिवाय तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घावनाआधी ते खालपासून ढवळायचं. नाहीतर पहिली घावनं पापडासारखी विरविरीत आणि शेवटची जाड गोळा होतात. झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की घडी घालायची. सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ असेल तर ते जेवण, आणि गूळ घातलेला नारळाचा रस असेल तर तेच पक्वान्न. गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं होतं, तेव्हाही घावनात मीठ असतंच. गोड आणि तिखट यांची फारकत या पदार्थानं कधी मानली नाही. एकाच भांड्यातल्या पिठाच्या त्या दोन वाटा, आणि मला त्याचं सगळ्यात मोठेपण यातच दिसतं.

देशावर ज्वारीचं आणि बेसनाचं राज्य. १९७२च्या दुष्काळात रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळाली, तिला सगळे 'मिलो' म्हणत. तिच्या भाकरीला आपल्या ज्वारीची चव नव्हती आणि लोक नाइलाजानं खात. आमच्या घरी त्या पिठात ताक, वाटलेला लसूण, हिरवी मिरची आणि असेल तो पाला घालून धिरडी होत. भाकरीला पिठाचा चिकटपणा लागतो, थापणारा हात लागतो. धिरडं पिठाचे दोष पोटात घालतं. ज्या काळात धान्य निवडून घेण्याची सोय नव्हती, त्या काळात या गुणाची किंमत फार होती.

तेव्हाच्या भाज्या ऋतूप्रमाणे धिरड्यात येत. पावसाळ्यात काकडी आणि कोकणात मोठी तवशी, थंडीत मेथी आणि पातीचा कांदा, एरवी लाल भोपळा. काकडीचं धिरडं मला या सगळ्यांत सरस वाटतं. काकडी किसायची आणि तिचं पाणी टाकून द्यायचं नाही, त्यातच पीठ भिजवायचं, वरून पाण्याचा थेंब नाही. मीठ सगळ्यात शेवटी, तवा तापल्यावर. आधी घातलं तर काकडीला आणखी पाणी सुटतं, पीठ सैल होतं, मग पुन्हा पीठ घालावं लागतं आणि काकडीची चव हरवते. त्याच किसात तिखटाऐवजी गूळ आणि तांदळाचा रवा घातला की गोड धिरडं. त्याला चिमूटभर मीठ आणि वेलची, मात्र आंच मंद. गुळाचं पीठ मोठ्या आंचेवर आत शिजायच्या आधी बाहेर करपतं. कणकेच्या गुळाच्या धिरड्यालाही हाच नियम, आणि वर तूप सढळ हातानं.

नंतरच्या वर्षांत दोन वस्तूंनी हे सगळं बदललं. एक मिक्सर. आंबोळीचं वाटण पाट्या-वरवंट्यावर करायचं म्हणजे खांदे भरून येत. तीन-चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि थोडे मेथीदाणे, संध्याकाळी वाटून रात्रभर ठेवायचं. पिठातलेच सूक्ष्मजीव वायू तयार करतात आणि उडदाचा चिकटपणा तो धरून ठेवतो, म्हणून आंबोळी फुगते. एवढ्या कष्टांमुळे ती पाहुण्यांसाठी आणि सणावारासाठीच होई. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय ओट्यावर मिक्सर स्थिरावला आणि भिजवलेल्या मुगाचं, मिश्र डाळींचं धिरडं रोजच्या न्याहारीत आलं. माझ्या मते वाटणाच्या त्या कामातून झालेली सुटका ही या पन्नास वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पाट्यावरच्या चवीच्या आठवणी काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो वरवंटा रोज ओढलेला असतो.

दुसरी वस्तू नॉनस्टिक तवा. औरंगाबादेत १९६८ साली 'निर्लेप' सुरू झालं आणि पुढे अशा कुठल्याही तव्याला लोक निर्लेपच म्हणू लागले. पहिलं धिरडं तव्याला चिकटण्याची धास्ती गेली. अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून तवा पुसायची गरज उरली नाही, लोखंडी उलथनं जाऊन लाकडी कालथा आला, तेल चमचाभरावर आलं. नव्यानं शिकणाऱ्या मुलामुलींना या तव्यानं हिंमत दिली. मात्र तो फार तापवायचा नसतो, आणि घावनाला नेमका तो ताव हवा असतो. त्यामुळे बेसनाचं धिरडं घरोघरी सुधारलं आणि घावनाची जाळी शहरात विरळ झाली.

याच सुमाराला टोमॅटो ऑम्लेटचा थाट वाढला. बेसन, थोडं तांदळाचं पीठ किंवा रवा, बारीक चिरलेला टोमॅटो आणि कांदा, कोथिंबीर, हळद, तिखट, ओवा. अंड्याचा पत्ता नाही, तरी मराठी हॉटेलांत ते ऑम्लेट म्हणूनच मिळालं आणि स्लाइस पावाबरोबर खाल्लं गेलं. बेसन भिजवून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की गुठळ्या मोडतात आणि कच्चा वास कमी होतो. ओवा त्यात चवीपुरता नाही, हरभऱ्याची डाळ पचायला जड म्हणून आहे. ज्वारीला लसूण-मिरचीचा ठेचा हवा, मुगाला आलं आणि जिरं, भोपळ्याच्या गोड धिरड्याला सुंठ किंवा जायफळ. मसाला पिठाचा स्वभाव पाहून घालायचा. सरसकट सगळ्यांत गरम मसाला टाकायची जी सवय पुढे लागली, तिनं सगळी धिरडी एका चवीची केली.

नव्वदनंतर आया नोकरीवर जाऊ लागल्या, मुलांच्या डब्यात भाजी तशीच परत येऊ लागली, आणि धिरड्यात गाजर, कोबी, पालक, बीट, ढोबळी मिरची असं सगळं शिरलं. मुलांच्या पोटात भाजी गेली, हे मोलाचंच. पण वाटीभर पिठाला अर्ध्या वाटीच्या वर भाजी घातली की धिरडं उलटताना फाटतं आणि आत ओलसर, कच्चट राहतं. कोबी आणि गाजर किसूनच घालावं. पालक वाटून घातला तर पाणी त्या मानानं कमी करावं. बीट गोडाकडे झुकतं, म्हणून त्याला लिंबू आणि हिरवी मिरची जरा चढी लागते.

संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष ठरवलं आणि नाचणी, वरी, ज्वारी यांची नावं पुन्हा शहरी तोंडांत आली. ज्या घरांनी ती कधी सोडलीच नव्हती, त्यांना याचं विशेष वाटलं नसेल. उपासाला वरी आणि साबुदाणा भिजवून, वाटून, काकडी-जिरं-मिरचीचं धिरडं आपण करतच होतो. तरी या निमित्तानं नाचणीचं धिरडं न्याहारीला आलं, याचा मला आनंद आहे. नुसती नाचणी तव्यावर तुटते. चार भागांना एक भाग तांदळाचं किंवा उडदाचं पीठ आणि आंबट ताक घातलं की ती नीट उलटते. गूळ घालून केली तर मुलं मागून खातात. या लाटेबरोबर बिडाचा तवाही परतला. नवा तवा धुवून, तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून वापरता करायचा आणि पुढे साबणानं घासत बसायचं नाही. असा तवा काही महिन्यांत काळा तुळतुळीत होतो आणि मग त्यावर घावनाला पूर्वीची जाळी पडते.

काही गोष्टी मात्र हातातून सुटत चालल्या आहेत. रत्नागिरीकडची खापरोळी, मेथीदाण्यांनी हलकी झालेली, मातीच्या खापरावर भाजून नारळाच्या गोड रसात भिजवलेली, आता मोजक्या घरांत उरली आहे. खापर मिळत नाही आणि मिळालं तरी गॅसच्या एकवटलेल्या ज्योतीवर ते तडकतं. सारस्वतांची सुरनोळी त्या मानानं तगेल असं वाटतं, कारण ती बिडाच्या तव्यावर छान होते. तांदूळ, पोहे आणि ओलं खोबरं ताकात वाटून रात्रभर ठेवायचं. सकाळी अर्ध्या पिठात गूळ आणि हळद, उरलेल्या अर्ध्यात फक्त मीठ. दोन्ही जाडसर घालायच्या, झाकण ठेवून एकाच बाजूनं भाजायच्या, उलटायच्या नाहीत. गोडावर लोणी, मिठाच्या सुरनोळीबरोबर चटणी, आणि एका वेळेला दोन्ही करायच्या.