एकट्याची न्याहारी आणि छोटी धिरडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अल खफजी हे कुवेतच्या सीमेलगतचं, आखाताच्या काठावरचं सौदी शहर. १९६० साली इथल्या समुद्राखाली तेल सापडलं आणि नोकरीसाठी दूरदूरची माणसं येऊ लागली. घरदार गावी ठेवून अशा ठिकाणी राहणाऱ्यांत एक समज पक्का असतो: एकट्यासाठी सकाळी तवा तापवणं परवडत नाही, तो खटाटोप चार माणसांच्या घरात शोभतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तळहाताएवढी धिरडी एकट्या माणसालाच सर्वांत सोयीची. अडचण येते ती मोठ्या घराचं माप आणि पद्धत तशीच उचलल्यामुळे.

‘पॅनकेक म्हणजे मैदा, अंडं, साखर, नाहीतर तयार मिश्रणाचं पाकीट’ हा दुसरा समज. सौदी अरेबियाने २०२३ मध्ये राष्ट्रीय गोड पदार्थ म्हणून निवडलेलं हाइल भागातलं ‘मकशूश’ म्हणजे गव्हाच्या पिठाच्या छोट्या, तव्यावर भाजलेल्या चकत्याच. वर तूप आणि मध. आपली बेसनाची धिरडी आणि कोकणातली तांदळाची घावनं यांनाही अंडं लागत नाही, पीठ आंबवावं लागत नाही. ५० ग्रॅम बेसन, साधारण १०० मिली पाणी, मीठ, ओवा, बारीक चिरलेला कांदा एवढ्यात एका माणसाचं पोट भरतं आणि दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. ‘पीठ जितकं घोटावं तितकं मऊ’ हेही सरसकट खरं नाही. बेसनात आणि तांदळात ग्लूटेन नसतं, त्यामुळे गुठळ्या मोडेपर्यंत खुशाल फेटावं. गव्हाचं पीठ मात्र जास्त फेटलं की चिवट होतं. मोठं धिरडं उलटताना मोडतं. छोटं अलगद उलटतं आणि एका तव्यावर तीन-चार मावतात.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, रोज पीठ कोण भिजवणार, आठवड्याचं एकदम भिजवून ठेवलं तर? इथेच गणित चुकतं. धिरडी फुगावीत म्हणून पिठात घातलेला खाण्याचा सोडा ताकासारख्या आंबट पदार्थाला भेटताक्षणी वायू सोडू लागतो. भिजवून ठेवलेल्या पिठातून तो निघून जातो आणि धिरडी चपटी होतात. मग सोडा वाढवला, तर साबणासारखी चव येते. शिवाय अंडं किंवा दूध घातलेलं पीठ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि तापमान ३२ अंशांपुढे असेल तर एका तासापेक्षाही जास्त नाही. इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उपाय सोपा आहे: कोरडं मिश्रण भरून ठेवावं. पीठ, मीठ, ओवा आणि चिमूटभर सोडा कोरड्या बरणीत टिकतात, कारण ओल आणि आंबटपणा नसेल तर सोडा शांत राहतो. सकाळी लागेल तेवढंच ताकात भिजवून लगेच तव्यावर घालावं. सौदी दुकानांतलं ‘लबन’ ताकाची जागा छान घेतं.

‘तवा धूर येईपर्यंत तापला पाहिजे’ हा समज तर घातकच आहे. नॉनस्टिकचं आवरण साधारण २६० अंशांपुढे खराब होऊ लागतं, म्हणून असा तवा मोठ्या आचेवर रिकामा ठेवू नये. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की तवा तयार समजावा. आच मोठी असेल तर जाड धिरडं बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं, म्हणून मध्यम आचच बरी. पहिलं धिरडं बिघडलं तर दोष बहुतेक वेळा पिठाचा नसतो, तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो. ते लहान असल्याने नुकसानही लहानच. आता कोणी म्हणेल, कोपऱ्यावर ताजा खुब्ज, म्हणजे अरबी रोटी, मिळतो, मग हे कशाला? खुब्ज जरूर खावा. पण नुसत्या खुब्जबरोबर चहा घेण्यापेक्षा बेसनाच्या धिरड्यात प्रथिनं जास्त मिळतात, आणि मिश्रण तयार असेल तर पंधरा मिनिटांत काम होतं. तेव्हा एकटे राहत असाल तर धिरडी टाळू नका, फक्त माप लहान करा आणि पीठ कोरडंच साठवा.