डॉक्टर पुन्हा बाकावर

चौथीच्या मुलांना वजाबाकी शिकवायची, तर गुरुजींना आधी अध्यापनाची पदविका घ्यावी लागते. नववीच्या मास्तरांना बी.एड. व्हावे लागते. पण उद्याचे डॉक्टर घडवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना शिकवावे कसे, हे वर्षानुवर्षे कुणी शिकवलेलेच नव्हते. एम.डी. झाले, की हाती खडू! आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनाही एम.ए.च्या बळावरच वर्गात सोडतात म्हणा. पण आमचा विद्यार्थी अलंकार ओळखायला चुकला, तर कुणी दगावत नाही.

म्हणून पंचेचाळिशीतले एखादे डॉक्टर शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी रात्री पुस्तक उघडून बसले, की शेजारीपाजारी बुचकळ्यात पडतात. आता आणखी काय शिकायचे राहिले यांचे?

या खटाटोपाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९५०च्या दशकात बफेलो येथे जॉर्ज मिलर नावाच्या डॉक्टरांनी शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना हाताशी धरून वैद्यकीय अध्यापनाचा विचार सुरू केला. याच मिलरसाहेबांनी १९९० साली चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करावे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. आपल्या परीक्षा बहुतेक पहिल्या पायरीवरच बसकण मारतात. जुन्या तोंडी परीक्षेत कोणता रुग्ण वाट्याला येतो आणि परीक्षकांची स्वारी कशी आहे, यावर पुष्कळसे अवलंबून असे. स्कॉटलंडमधील डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली त्यावर तोड काढली. विद्यार्थ्याने ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जायचे आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांना सारखेच काम करून दाखवायचे.

आपल्याकडे अमेरिकेतील ‘फेमर’ संस्थेचे केंद्र मुंबईच्या के.ई.एम.शी संलग्न सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ साली निघाले. नोकरी सांभाळून डॉक्टर तिथे शिकवण्याची विद्या शिकू लागले. २०१९ साली एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम बदलला आणि रुग्णाशी बोलणे-वागणे हासुद्धा शिकवण्याचा विषय झाला. पुढे बढतीसाठी अध्यापनाचा छोटा अभ्यासक्रम सक्तीचा झाला, तेव्हा नुसत्या प्रमाणपत्रासाठी हजेरी लावणारेही आले. ते कुठे नसतात? पण वर्षे-दोन वर्षे घालून पूर्ण पदवी घेणारा सहसा बढतीपुरता येत नाही. वर्गातले शंभर चेहरे वही भरतात आणि वॉर्डात गोंधळतात, हे त्याला डाचत असते.

परिचारिका या बाबतीत डॉक्टरांच्या पुढे आहेत. एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला शिक्षणशास्त्र हा पेपर असतो. घरी निघालेल्या रुग्णाला इन्शुलिन कसे टोचावे, हे बहुधा सिस्टरच समजावतात.

कारण शिकवणे कॉलेजात संपत नाही. कर्जत लोकलने बदलापूर सोडले, की पुढचे स्टेशन वांगणी. इथे पुष्कळ अंध कुटुंबे राहतात. त्यांतले कित्येकजण लोकलमध्ये किडूकमिडूक विकून संसार चालवतात. एप्रिल २०२१ मध्ये याच स्टेशनात रुळांवर पडलेल्या अंध आईच्या मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन वाचवले, तेव्हा या गावाचे नाव देशभर झाले.

अशा आईच्या लेकराला ताप आला, तर? ‘झाकणातल्या खुणेपर्यंत औषध, दिवसातून तीनदा.’ वाक्य बरोबर, औषधही बरोबर. पण खूण तिला दिसणार कशी? शिकवायला शिकलेला डॉक्टर इथे थांबतो. तापाच्या बाटलीला एक रबरबँड, खोकल्याच्या बाटलीला दोन. औषध मोजायच्या पिचकारीच्या दांड्याला बोटाला लागेल अशी खाच. मग पिचकारी तिच्या हाती देऊन म्हणतो, “आता तुम्ही भरून दाखवा, ताई.” पहिल्या खेपेला जास्त येते, दुसऱ्या खेपेला हवा शिरते, तिसऱ्या खेपेला जमते. तोवर बाहेर रांग वाढलेली असते आणि दारातला शिपाई दोनदा आत डोकावून गेलेला असतो.